पप्पांच्या राउंडचं ठरवते आहे

डंडी, स्कॉटलंड
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

ती. आई आणि ती. पप्पा यांना सा. न. वि. वि. सोन्याला अनेक आशीर्वाद (हसू नकोस रे, वयाने मोठी आहे मी).

मी मजेत आहे. आधी हे लिहून टाकते, नाहीतर आई पहिल्या ओळीलाच पदर डोळ्याला लावेल. परवा आवाज बसलेला वाटला तो सर्दीने नाही, हीटरने. रात्रभर चालू राहिला की घसा कोरडा पडतो. आणि बारीक मी झालेली नाही, तो फोनचा कॅमेरा तसं दाखवतो. मागच्या महिन्यात वॉर्डातल्या काट्यावर उभी राहिले तर उलट दीड किलो वाढलं होतं. डबा रोज नेते. कांदा-लसूण मसाला संपलेला नाही, अर्धी बरणी आहे. नाइट ड्यूटीहून येताना एकटी येत नाही, आम्ही तिघीजणी एकाच बसला असतो. झालं? आता मुद्द्याचं.

पत्र लिहायचं कारण पप्पा. फोनवर तुमच्या जूनमधल्या येण्याचं आणि इथे गोल्फचा एक राउंड खेळण्याचं काही सांगायला गेले की तुम्ही "बरं बरं, बघू" म्हणता आणि फोन आईकडे देता. त्या दिवशी तर म्हणालात, "एका राउंडला चाळीस हजार? त्यात पुढच्या अंगणाची फरशी होते." आणि गेलात गच्चीवर. कागदावर लिहिलं की फोन देता येत नाही. सोन्या, मोठ्याने वाच, सावकाश वाच. शेवटचं पान मात्र आईच्या हातात दे.

तर पप्पा, चाळीस हजार लागणार नाहीत. पण ते कसं, हे समजायला आधी मी काय काय हिंडून आले ते ऐका.

सेंट अँड्र्यूज, म्हणजे गोल्फचं ते जुनं गाव, माझ्या खोलीपासून लांब नाही. ९९ नंबरची बस मिळते. ती टे नदीच्या पुलावरून जाते (सव्वादोन किलोमीटरचा पूल आहे, वारा सुटला की बस हलल्यासारखी वाटते), मग शेतं, ल्यूकर्सचं स्टेशन, आणि शेवटी गाव. गावाला स्वतःचं रेल्वे स्टेशन नाही, १९६९ साली बंद झालं ते झालंच. तुम्ही एडिंबरोला उतरलात की तिथून ट्रेनने ल्यूकर्स, साधारण तासाभराचा प्रवास. वाटेत १८९० सालचा फोर्थचा लाल लोखंडी पूल लागतो. खिडकीची जागा आईला द्यायची, आत्ताच सांगून ठेवते.

बस स्टँडवरून दहा मिनिटं चाललं की गाव संपतं आणि एकदम सगळं मोकळं होतं. डाव्या हाताला गोल्फ, उजव्या हाताला समुद्र, मध्ये ना भिंत ना कुंपण. मी पहिल्यांदा गेले तेव्हा गेट शोधत होते. तुम्ही गवत राखायचात त्या आपल्या क्लबचं गेट, तो वॉचमन, ती रजिस्टरची वही मनात बसलेली. मी डबा घेऊन तुमच्याकडे यायचे तेव्हासुद्धा नाव लिहावं लागायचं. इथे गेटच नाही, कारण ही जागा कुठल्या क्लबची नाहीच. गावाची आहे. अशा जागेला लिंक्स म्हणतात, म्हणजे समुद्र आणि शेतजमीन यांच्यामधली वाळूची पट्टी, जिथे पीक येत नाही. आपल्याकडे गावाला गायरान असतं ना, तसं. १५५२ साली इथल्या आर्चबिशपने कागद करून दिला, की या जागेवर गावकऱ्यांचा खेळायचा हक्क आहे. त्याच्याही आधी, १४५७ साली, इथल्या राजाने गोल्फवर बंदी घातली होती, कारण पोरं धनुष्यबाणाचा सराव सोडून गोल्फ खेळत बसायची. (सोन्या, मोबाइलवरून बोलणी खाणारा तू पहिला नाहीस.) मध्ये एकदा गावची नगरपालिका कर्जात बुडाली आणि जमीन विकली, ती ससे पाळणाऱ्या व्यापाऱ्यांकडे गेली. सशांनी सगळीकडे बिळं केली. गोल्फवाले आणि ससेवाले यांची कोर्टकचेरी वर्षानुवर्षं चालली. शेवटी १८२१ साली शेजारच्याच एका गोल्फ खेळणाऱ्या जमीनदाराने जागा विकत घेतली, तेव्हा ससे गेले. आता १९७४पासून एक ट्रस्ट सगळं बघतो. सात कोर्स, म्हणजे मैदानं, आहेत, त्यातला सगळ्यांत जुना तो ओल्ड कोर्स. साऱ्या जगाला आज एका राउंडची अठरा होल (आई, होल म्हणजे बॉल घालायचा खड्डा) ठाऊक आहेत ते याच्यामुळे. आधी इथे एका फेरीला बावीस होल व्हायची, १७६४ साली काही जोडून अठरा केली.

पप्पा, तुम्हाला सांगण्यासारखी खरी गोष्ट मात्र पुढे आहे. अठराव्या होलला नाव आहे टॉम मॉरिस. मला वाटलं कोणी लॉर्ड असेल. तर तो माळी होता. म्हणजे तुमचंच काम. आधी बॉल बनवायचा, खेळणाऱ्यांच्या बॅगा उचलायचा, खेळायचाही (ओपन ही मोठी स्पर्धा चार वेळा जिंकला, शेवटची १८६७ साली), आणि १८६४ला त्याला इथे ग्रीन, म्हणजे होलभोवतीचं बारीक कापलेलं गवत, राखायला आणलं. हाताखाली काय दिलं, तर एक हातगाडी आणि दोन फावडी. त्यावर त्याने १९०३पर्यंत मैदान सांभाळलं. ग्रीन खराब दिसली की एकच औषध: वाळू. मदतनिसाला ओरडायचा, "मेर सँड!" म्हणजे अजून वाळू. मला तुम्हीच दिसलात. पावसाळ्याआधी ग्रीनवर चाळलेली वाळू पसरताना "अजून, अजून" करणारे. आई म्हणायची, घरात येता तेव्हा निम्मा ट्रक चपलेतच असतो.

आता राउंडचं.

ओल्ड कोर्सवर बाहेरच्या माणसाला खेळायचं तर बहुतेकांची गाठ बॅलटशी पडते. बॅलट म्हणजे म्हाडाची लॉटरी समजा. दोन ते चार जणांनी मिळून नावं द्यायची, ज्या दिवशी खेळायचं त्याच्या दोन दिवस आधी दुपारपर्यंत. संध्याकाळी निकाल. लागलं तर लागलं, नाहीतर परत नाव द्या. एकटा माणूस असेल तर आदल्या दिवशी स्वतः तिथे जाऊन नाव नोंदवायचं, त्यांची सोडत वेगळी. २०२४च्या आधी एकट्यांना रात्रभर रांगेत बसायला लागायचं, लोक घोंगड्या-थर्मास घेऊन बसायचे. हे सगळं मला आमच्या वॉर्डातल्या फिजिओने सांगितलं, तो खेळतो. त्याला तीन आठवडे रोज नाव देऊन एकदा लागलं. उन्हाळ्यात एका माणसाचे ३०० पौंडांच्या वर होतात, म्हणजे पप्पांचा आकडा बरोबर होता, मी उगाच वाद घातला.

पण अडचण पैशांची नव्हती. पैसे मी जमवले असते. ओल्ड कोर्सला हँडिकॅपचा दाखला लागतो. आई, हँडिकॅप म्हणजे खेळणारा किती चांगला किंवा किती कच्चा, त्याचा आकडा. तो आकडा क्लबच्या मेंबरला मिळतो. मी तिथल्या खिडकीवर जाऊन विचारलं. बाई फार गोड बोलली, दाखला नसेल तर नाही जमणार एवढंच म्हणाली. मी तिला सांगायला लागले, की माझ्या वडिलांनी तेराव्या वर्षापासून बॅगा उचलल्यात आणि मग एकतीस वर्षं ग्रीन राखल्यात, सोमवारी कॅडींना (बॅगा उचलणाऱ्यांना) खेळायला मिळायचं तेव्हा ते खेळायचे, साहेब लोक पटसाठी, म्हणजे ग्रीनवरच्या हलक्या फटक्यासाठी, त्यांना लाइन विचारायचे. तिने सगळं ऐकून घेतलं. मागे रांग वाढली होती. मग मीच थँक्यू म्हणून बाहेर आले आणि समोरच्या कट्ट्यावर बसून डबा खाल्ला.

वाईट वाटून घेऊ नका. मला दहाच मिनिटं वाटलं. पप्पा, तुमच्या क्लबच्या ऑफिसात असा दाखला मिळत असेल तर विचारून बघा, मिळाला तर आनंद. पण त्यावर काही अडलेलं नाही, कारण ओल्डच्या शेजारीच न्यू कोर्स आहे. नाव न्यू, पण बांधला १८९५ साली. आणि बांधला कोणी? आपल्या त्या वाळूवाल्या माळीबुवाने. न्यू कोर्सला दाखला लागत नाही, जून महिन्याचं बुकिंग आधी करता येतं, आणि पैसे ओल्डच्या निम्म्याहून कमी. इथली जाणकार माणसं म्हणतात की खेळायला न्यू काही कमी अवघड नाही. तेव्हा तुम्ही टॉम मॉरिसच्या हातच्या कोर्सवर खेळणार, हे माझ्यापुरतं ठरलं. फरशीचं आपण दिवाळीला बघू.

बरोबर कोण खेळेल ही काळजी करू नका, तो फिजिओ आहे ना. त्याने स्वतःहून विचारलं.

आणि ओल्ड कोर्सही तुम्हाला दाखवणार, तेही फुकट. हे जरा नीट समजावून सांगायला हवं. मला स्वतःला समजायला दोन महिने लागले, आणि हॉस्पिटलात मी ज्या ज्या भारतीय पोरीला सांगितलं तिने माझं कपाळ बघितलं, ताप आहे का म्हणून.

ओल्ड कोर्स रविवारी बंद असतो. बंद म्हणजे गोल्फला बंद. तुम्ही म्हणाल, आपल्याकडे सोमवारी असतो बंद, त्यात काय. तसं नाही. आपल्याकडे बंद असला की कोणीच आत नसतं, फक्त तुम्ही लोक मशीन फिरवत असता. इथे बंद असला की अख्खं गाव आत असतं. आज रविवार, मी सकाळीच जाऊन आले. पहिल्या होलच्या फेअरवेवर, म्हणजे होलकडे जाणाऱ्या गवताच्या पट्ट्यावर, जिथे सोमवारी जपानहून अमेरिकेहून आलेली माणसं हात थरथरत पहिला शॉट मारतात, तिथे एक आजोबा कुत्र्याला काठी फेकत होते. एक बाई बाबागाडी ढकलत चाललेली. दोन लहान मुलं बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, उतरून घसरगुंडी करत होती आणि त्यांची आई काही बोलत नव्हती. मी काही मेंबरचे कुत्रे म्हणत नाहीये हं. कोणाचेही कुत्रे. आणि खायची पोतडी काढून लोक बसतात चक्क. ओरडणारं कोणी नाही. हा टॉम मॉरिस म्हणायचा म्हणे, तुम्हाला एक दिवस विसावा नको असेल, पण मैदानाला हवा. सगळ्या आठवड्यातला सगळ्यांत जास्त पैसे देणारा दिवस सोडून देतात आणि कुत्री फिरवतात. एवढंच नाही, एरवीच्या दिवशीही पहिल्या आणि अठराव्या होलला आडवा एक रस्ता जातो, ग्रॅनी क्लार्क्स वाइंड त्याचं नाव, समुद्राकडे जायला. बायामाणसं पिशव्या घेऊन तिथून जातात आणि चाळीस हजार भरलेला माणूस क्लब (बॉल मारायची काठी) हातात धरून त्यांची वाट बघतो. पूर्वी तर तिथल्या स्विल्कन ओढ्यात गावच्या बायका धुणं धुवायच्या आणि या गवतावरच वाळत टाकायच्या. हक्कच होता त्यांचा.

मी हे तीन वेळा का लिहिते आहे कोण जाणे. पण पप्पा, मी तिथे गवतावर उभी राहिले आणि पहिली दोन मिनिटं आजूबाजूला बघत होते, कोणी हाकलतंय का.

तर एक रविवार तुमच्यासाठी राखून ठेवलाय. अठराही होल चालत. १७व्याची भिंत आणि तो रस्ता, १४व्याचा हेल बंकर (त्यात मी उभी राहिले तर माझं डोकं बाहेर दिसत नाही), स्विल्कनचा छोटा दगडी पूल. पुलावर फोटो काढायला रांग असते, काढू. आणि डबल ग्रीन तुम्हाला बघायच्याच आहेत. एका ग्रीनवर दोन होल, जातानाचं एक, येतानाचं एक. अशा सात आहेत. दोन्हींच्या नंबरांची बेरीज दर वेळी अठरा: दोनबरोबर सोळा, तीनबरोबर पंधरा, असं. जाताना पांढरे झेंडे, येताना लाल. एवढी मोठी ग्रीन कापायला किती वेळ लागत असेल, हा तुम्ही पहिला प्रश्न विचाराल म्हणून मीच विचारून आले.

झालं असं. ऑक्टोबरच्या शेवटी नाइट संपवून मी झोपायच्या ऐवजी पहिली बस धरली. (आई, एकदाच. नंतर दहा तास झोपले.) उजाडत होतं. एक माणूस ग्रीनवर लांब लवचिक काठी आडवी फिरवत दव झाडत होता. तुमची बांबूची काठी होती ना, तुम्ही मला धरायला द्यायचात आणि मी दव उडवून फ्रॉक भिजवून घ्यायचे, तशीच. मी थांबले. मग त्याने काठी ठेवली, कप कटर काढला, नवीन होल पाडलं, आतला मातीचा गोळा जसाच्या तसा जुन्या होलमध्ये बसवला, बुटाने हलकेच दाबला, खाली वाकून तळहाताने वरून हात फिरवला. पप्पा, तो हात फिरवणं अगदी तुमचं. इंच इंच. मी म्हटलं, माझे वडीलही हे काम करायचे. तो सरळ उभा राहिला. काय काय विचारलं त्याने! किती ग्रीन, पाऊस किती, आणि गवत कुठलं. मी म्हटलं बर्म्युडा. तो म्हणाला, इथे टिकणार नाही, थंडीला झोपेल ते उठायचंच नाही. इथे फेस्क्यू आणि बेंट, सुईसारखं बारीक. मग मी त्याला सांगितलं की आमच्याकडे तेच गवत रानात उगवतं, शेतकरी हरळी म्हणून शिव्या देतो आणि देवाला दूर्वा म्हणून वाहतात, एकवीसची जुडी, आणि माझे वडील गणपतीत रफच्या, म्हणजे वाढू दिलेल्या गवताच्या, कडेची जुडी घेऊन यायचे. दूर्वा हा शब्द त्याने दोनदा म्हणून बघितला. त्याला नीट जमला नाही.

आणि खाली सगळी वाळू, त्यामुळे पाऊस पडून अर्ध्या तासात कोरडं. आपल्यासारखी काळी माती नाही, चिखल नाही, चपलेला पायाएवढाच गोळा नाही. उन्हाळ्यात पाऊस कमी झाला तर फेअरवे पिवळे पडतात, पडू देतात. कोणी माळ्याला विचारत नाही हिरवं का नाही म्हणून. आत्ता हिवाळ्यात तर उलटीच मजा: खेळणाऱ्यालाच छोटी चटई बरोबर ठेवायला लावतात, फेअरवेवर बॉल पडला की चटईवर ठेवून मारायचा, गवताला धक्का नको. हे वाचून तुम्ही मान हलवाल. मला दिसतेय.

आई, तुला वाटत असेल, बापलेकीचं चाललंय, मी काय करू तिथे वाऱ्यात. तुझ्यासाठी हिमालय आहे. खरंच. ओल्ड कोर्सच्या बाजूलाच एक पटिंग ग्रीन आहे, नुसते उंचवटे आणि खळगे, त्याला सगळे हिमालय म्हणतात. बायकांच्या क्लबचं आहे ते, १८६७पासून. त्या काळी बाईने खांद्याच्या वर हात नेऊन क्लब फिरवणं बरं दिसत नसे, म्हणून नुसतं पटिंग. आता कोणीही थोडे पौंड देऊन खेळू शकतं. गोट्या खेळायचीस ना मामाबरोबर, मग जमेल. साडीवर स्वेटर, स्वेटरवर जाकीट, कानाला मफलर. जून असला तरी हे सगळं लागेल, समुद्रावरून कधी कधी धुकं येतं आणि भर दुपारी समोरचा माणूस दिसत नाही. ते सोडलं तर जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो. आत्ता चारला अंधार पडतो हे मी तुम्हाला उगाच सांगितलं, त्याचं तुम्ही फार मनावर घेतलंत. सवय होते. दिवा लावला की झालं.

व्हिसाचं: सहा महिन्यांचा साधा व्हिजिटर व्हिसा. कागदांची यादी सोन्याच्या फोनवर पाठवली आहे. पप्पा, बोटांचे ठसे द्यायला जावं लागेल. रेशनच्या मशीनवर तुमची बोटं लागत नाहीत, तेव्हा आत्तापासून रोज रात्री हाताला खोबरेल तेल लावा. चेष्टा नाही करत. तीन महिने लावा.

त्या माळ्याने, टॉम मॉरिसने, म्हातारपणी पोरगं गमावलं होतं. म्हणजे म्हातारा नव्हता तेव्हा, चोपन्न वर्षांचा. पोरगा बापापेक्षाही भारी खेळायचा. १८७५च्या सप्टेंबरमध्ये दोघं खाडीपलीकडे नॉर्थ बेरिकला सामना खेळत होते, तिथे तार आली, सून अडली आहे, ताबडतोब या. एकाने स्वतःची बोट दिली, रातोरात निघाले. पोहोचेपर्यंत ती आणि बाळ, दोन्ही गेलेले. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी पोरगाही गेला, चोवीस वर्षांचा. जुन्या कॅथेड्रलच्या आवारात त्यांची कबर आहे. मी बघून आले.

फेब्रुवारीत आजीच्या वेळी मी तिकीट काढायला बसले होते. रजा तीन दिवसांची मिळत होती. दोन दिवस तर प्रवासातच जातात. हे मी तुम्हाला तेव्हा सांगितलं होतं, परत कशाला सांगते. वर्षश्राद्धाला येण्याचं बघते आहे, नक्की म्हणत नाही.

(सोन्या, आता पान आईकडे दे.)

आई, या महिन्यात दहा हजार कमी आले असतील. व्हिसाच्या फीसाठी बाजूला ठेवलेत. सोन्याची फी डिसेंबरच्या पाच तारखेला भरेन, त्याला सांग काळजी करू नको आणि बॅकलॉग लपवू नको, मला कळलंय. तुझ्या पाटल्या सुटायला अजून तीन हप्ते आहेत. पाडव्याला तुझ्या हातात असतील. मी परीक्षा आणि एजंटच्या पैशांसाठी त्या ठेवल्यास तेव्हा तू हात पदराखाली घेऊन बसायचीस, मला दिसायचं. कोणी विचारलं तर पॉलिशला दिल्यात म्हणायचीस. दोन वर्षं झाली पॉलिशला.

पत्र्याचं काम पुढच्या पावसाळ्याआधी. फरशी त्यानंतर. लिहून ठेवलंय.

आणि हडपसरच्या बँकेतल्या मुलाचं. मुलगा चांगला असेल, त्याची माणसंही चांगली असतील, मावशी म्हणते तर असतीलच. पण आत्ता पत्रिका देऊ नकोस. मी टाळत नाहीये. वयाचं मला कळतं, तू दर फोनला सांगतेस म्हणून नाही, मलाही मोजता येतं. जूनपर्यंत थांब, एवढंच म्हणते. इथे येऊन आधी एकाला भेटा. कोण ते तुझ्या लक्षात आलं असेल, वर तीन-चारदा त्याचा उल्लेख झालाय, मी पुसून लिहिलं तरी परत आलाच. कुठला, कोण, आडनाव काय, हे पत्रात विचारू नकोस आणि फोनवर तर नकोच. पप्पांबरोबर अठरा होल चालू दे त्याला. चार तास लागतात. चार तासांत माणूस कळतो, असं पप्पाच म्हणायचे ना साहेब लोकांबद्दल.

पप्पांना तू सांग. किंवा नको, जूनमध्येच कळू दे. तू ठरव.

थंडी सोसते मला. खरंच.

तुमची,
छोटी

ता. क. पप्पा, इथे क्लबचा सेट भाड्याने मिळतो, पण बुकिंगच्या वेळी खेळणारा उजवा की डावखुरा ते लिहावं लागतं. फॉर्म त्याच रकान्यावर अडलाय. तुम्ही मोअर (गवत कापायचं मशीन) कसा ढकलता, काठी कुठल्या हातात धरता, सगळं डोळ्यांसमोर येतं, पण सोमवारी मी शाळेत असायचे. सोन्याला सांगून कळवा.